ग्रंथालयशास्त्राचा प्राध्यापक व्हायचंय? सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलैत बी.लिब.चे (ग्रंथालयशास्त्राच्या पदवीचे) प्रवेश सुरू झाले की हे प्रश्न येऊ लागतात. काही विद्यार्थ्यांचे असतात, काही त्यांच्या वडिलांचे, काही लग्नाच्या मांडवात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या पाहुण्यांचे. उत्तरं देणारा सोलापुरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथालय व माहितीशास्त्र शिकवतो. त्याआधी त्यानं बरीच वर्षं काउंटरवर बसून पुस्तकांची देवघेव केली आहे. माहितीपत्रकात मिळतं ते इथं थोडक्यात दिलंय, मिळत नाही ते सविस्तर.

म्हणजे तुम्ही लायब्ररियनच ना?

दोन्ही असू शकतो. विद्यापीठाच्या स्वतंत्र विभागात शिकवणारे सहाय्यक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक वेगळे. ग्रंथालयाचा रोजचा कारभार त्यांच्याकडं नसतो. संलग्न महाविद्यालयात बी.लिब. किंवा एम.लिब. चालत असेल तर मात्र बहुतेक वेळा तिथला ग्रंथपालच समन्वयक असतो. सकाळी कपाटांच्या किल्ल्या त्याच्याकडं, दुपारी खडूही त्याच्याच हातात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांत दोघांची सुरुवातीची वेतनश्रेणी एक आणि पात्रता परीक्षाही एक. फरक कळतो तो मे महिन्यात. मराठीचे सर गावाकडं गेलेले असतात आणि ग्रंथपाल पंख्याखाली साठा पडताळणी (कपाटातली पुस्तकं नोंदींशी जुळवून बघणं) करत बसलेला असतो.

माझं मत विचाराल तर काउंटरवर कधीच न बसलेल्यानं हा विषय शिकवू नये. ‘वाचकाची गरज ओळखणे’ या प्रकरणावर पुस्तकातून तासभर बोलता येतं. पण ‘सर, ते निळ्या कव्हरचं, शेतीचं, मागच्या वर्षी इथं होतं’ एवढ्या माहितीवर पुस्तक काढून द्यायची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याचा तास वेगळा होतो.

पण यात एवढं शिकवण्यासारखं आहे काय? पुस्तकं ओळीनं लावायची, संपलं.

कोणत्या ओळीनं, तेवढं सांगा.

सोलापूरचंच उदाहरण घ्या. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे प्रत्येक विषयाला आकडा देऊन पुस्तकाची जागा ठरवणाऱ्या पद्धतीत, मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे. उर्दूला ८९१.४३९, म्हणजे एकाच फळीवर दोन-चार हात अंतर. कन्नडला ८९४.८१४ आणि तेलुगूला ८९४.८२७. द्राविड भाषांचं घर वेगळं, म्हणून त्या पुढच्या कपाटात जातात. परदेशातल्या एखाद्या छोट्या गावच्या ग्रंथालयात ही चारही घरं जवळजवळ रिकामी असतील. आपल्या शहरात ती चारही भरलेली असतात, कारण पूर्व भागात घरात तेलुगू बोलणारी, शाळेत मराठी शिकलेली माणसं राहतात, अक्कलकोट रोडला कन्नड कानावर पडतं आणि बेगम पेठेत उर्दू. वर्गात मी पहिल्याच आठवड्यात चार भाषांतली चार पुस्तकं टेबलावर ठेवतो आणि अंक पाडायला, म्हणजे वर्गीकरणाचा आकडा ठरवायला, सांगतो. ज्याला जी लिपी येत नाही त्याला तेच पुस्तक. मुखपृष्ठावरचं एक अक्षरही वाचता येत नसताना पुस्तक जागेवर कसं लावायचं, हा प्रश्न इथल्या ग्रंथपालाला कधीतरी येतोच.

पुढची पायरी त्याहून अवघड. सोलापूरचे लिंगायत संत सिद्धरामेश्वर यांची वचनं, मूळ कन्नड आणि समोर मराठी अनुवाद, असं पुस्तक आलं. ते कन्नड साहित्यात लावायचं, की धर्मात? धर्मात लावलं तर ड्युईच्या रचनेप्रमाणं ते २९४.५ च्या, म्हणजे हिंदू धर्माच्या घरात जाऊन बसतं. लिंगायत धर्म स्वतंत्र मानणारा विद्यार्थी वर्गात असला की दशांश चिन्हाची गोष्ट बघता बघता पार्क चौकापर्यंत जाते. मी मध्ये पडत नाही. वर्गीकरण करणारा माणूस दर वेळी एक भूमिका घेत असतो, फक्त त्याच्या सहीशिवाय, हे मुलांना एवढ्या जिवंतपणे दुसऱ्या कुठल्या उदाहरणातून समजत नाही. शेवटी विचारायचं एवढंच, की हे पुस्तक मागायला कोण येणार आहे आणि तो कुठल्या कपाटापुढं उभा राहील? सिद्धेश्वर मंदिरालगत वाचनालय असेल तर उत्तर एक, विद्यापीठाचा कन्नड विभाग असेल तर दुसरं.

नावांचं प्रकरण तर आणखी मजेचं. मराठी लेखकाची नोंद आडनावाखाली करायची, हे सोपं. पण तेलुगू घराण्याचं नाव आधी येतं आणि माणसाचं नंतर. त्याच घरातल्या सोलापुरात वाढलेल्या मुलानं मराठी पद्धतीनं नाव लिहायला सुरुवात केली तर बापाची पुस्तकं एका जागी आणि मुलाची दुसऱ्या. टोपणनावाचंही तसंच. आपल्या सोलापूरचे कवी संजीव म्हणजे कृष्ण गंगाधर दीक्षित. कुणी ‘संजीव’ म्हणून शोधेल, कुणी ‘दीक्षित’ म्हणून, आणि दोघांनाही पुस्तक मिळालं पाहिजे. त्यासाठी तालिकेत, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या सूचीत, एका नावावरून दुसऱ्याकडं बोट दाखवणारी नोंद करावी लागते. ती राहिली तर पुस्तक कपाटात असूनही नसल्यासारखं.

याशिवाय संदर्भ सेवा, ग्रंथालय व्यवस्थापन, संगणकीकरण, माहिती साठवण आणि शोध, संशोधनपद्धती, ग्रंथमिती (पुस्तकं-लेखांचा वापर आकड्यांत मोजणं). संगणकीकरणात ‘कोहा’, इन्फ्लिबनेटचं ‘सोल’, एनआयसीचं ‘ई-ग्रंथालय’ ही ग्रंथालयाची सॉफ्टवेअरं हातानं चालवून बघावी लागतात. यादी लांब आहे आणि ती कुठल्याही अभ्यासक्रमपत्रिकेत मिळेल.

शिक्षणाचा क्रम कसा?

कोणत्याही शाखेची पदवी, मग एक वर्षाचं बी.लिब.आय.एस्सी., मग एक वर्षाचं एम.लिब.आय.एस्सी. काही ठिकाणी दोन्ही मिळून दोन वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे. पदव्युत्तरला ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला ५० चालतात. त्यानंतर नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा. पीएचडी नंतर केली तरी चालते: सहाय्यक प्राध्यापकपदासाठी नेट-सेट ही किमान पात्रता आणि पीएचडी ऐच्छिक, असं यूजीसीनं २०२३ मध्ये स्पष्ट केलं. वरच्या पदांसाठी मात्र ती लागतेच.

नोकरी करत शिकणाऱ्यांना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू हे दोन मार्ग आहेत. जिल्ह्यात कुठल्या महाविद्यालयात सध्या वर्ग चालू आहे, हे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या मान्यता यादीतच बघा. मागच्या वर्षी शेजारच्या मुलानं कुठं प्रवेश घेतला होता यावर जाऊ नका. आंतरविद्याशाखीय अभ्यास या विद्याशाखेखाली हा विषय शोधा. पुष्कळजण कला शाखेच्या यादीत शोधतात आणि ‘नाही’ म्हणून परत जातात.

नेट किती अवघड आहे?

दोन पेपर, एकाच बैठकीत, तीन तास. पहिल्यात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००, प्रत्येकी दोन गुण, म्हणजे एकूण ३००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका. दुसरा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नसतो. आपल्याकडच्या मुलांचं घोडं तिथं अडतं. विषय येत असतो, ‘तालिकीकरण’ पाठ असतं, पण पेपरात इंग्रजी संज्ञा समोर आली की थबकतात. उपाय साधा आहे: पहिल्या दिवसापासून प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत वहीत उतरवा. महाराष्ट्राची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि सोलापुरातून महाराष्ट्रातच नोकरी करणाऱ्याला ती पुरेशी होते.

नेटबरोबर जेआरएफ मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला ३७,००० रुपये पाठ्यवृत्ती मिळते. त्यासाठी वयाची मर्यादा साधारण ३० वर्षं, राखीव प्रवर्ग आणि महिलांना सवलत. नुसत्या नेटला वयाची अट नाही. दोन मुलांच्या आया आमच्याकडून नेट पास होऊन गेल्या आहेत, आणि त्या जास्त पक्क्या असतात असा माझा अनुभव आहे.

पीएचडीला विषय कोणता घ्यावा?

आधी कोणता घेऊ नये ते सांगतो. ‘अमुक जिल्ह्यातील वरिष्ठ महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतील इंटरनेट सेवांचा चिकित्सक अभ्यास.’ जिल्ह्याचं नाव बदलायचं, सेवेचं नाव बदलायचं, तीच प्रश्नावली वाटायची, टक्केवारीचे तक्ते काढायचे. शोधगंगा, म्हणजे प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, उघडून बघा, अशा प्रबंधांची रांग लागली आहे. मार्गदर्शकाला सोपं, विद्यार्थ्याला सोपं आणि वाचायला कुणीच नको.

सोलापुरात बसून असला विषय घेणं म्हणजे तर करंटेपणाच. इथं १९३० च्या मे महिन्यात मार्शल लॉ लागला. पुढं १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. त्यांतले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत होते. रामभाऊ राजवाडे यांचं ‘कर्मयोगी’ त्याच काळातलं. या गावात त्या दशकात काय काय छापलं गेलं, त्याचे कोणते अंक आज कुठल्या कपाटात शिल्लक आहेत आणि कोणते फक्त सरकारी फायलींत उल्लेखानं उरले आहेत, याची नीट वर्णनात्मक सूची करणं हा पीएचडीचा विषय आहे. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली आणि १९४३ मध्ये ती छापली. त्यानंतर मराठीतला प्रत्येक संशोधक त्या जाडजूड खंडाच्या ऋणात आहे. तेवढी उमेद नसेल तर एका शहरापुरतं करा.

दुसरा विषय: जीवराज जैन ग्रंथमाला. प्राकृत आणि संस्कृत जैन ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या सोलापुरातून निघाल्या, आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली. ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग १९४३ चा. जगभरच्या जैनविद्येच्या संदर्भसूच्यांत प्रकाशनस्थळ म्हणून सोलापूरचं नाव दिसतं आणि आपल्या मुलांना ते ठाऊक नसतं. या आवृत्त्यांना कुणी, कुठं, किती आधार म्हणून वापरलं हे ग्रंथमितीनं मोजता येईल. तक्तेच काढायचे ना, मग असे काढा.

आणि शोधताना एक ध्यानात ठेवा. इंग्रजांच्या कागदपत्रांत आणि ग्रंथालयांच्या जुन्या नोंदींत हे शहर ‘शोलापूर’ आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८४ चा विसावा खंड त्याच नावानं सापडतो. आजच्या स्पेलिंगनं शोधून ‘काही नाही’ म्हणणारे खूप भेटतात.

नोकरी मिळते का? खरं सांगा.

मागणी आहे, भरती नाही. कायम पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवली जातात. एक ग्रंथपाल निवृत्त झाला की त्याच्या खुर्चीवर शिपाई किंवा लिपिक बसतो आणि ‘तात्पुरती व्यवस्था’ पाच-सात वर्षं चालते. शिकवायचं तर तासिका तत्त्व. वर्षातले सुट्ट्यांचे महिने वगळून उरलेल्या महिन्यांत घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, तेही बिल मंजूर होईल तेव्हा. नेट झालेली, पीएचडी झालेली मुलं सकाळी एका कॉलेजात तास घेऊन दुपारी भावाच्या दुकानात बसतात, हे मी रोज बघतो. लग्नाच्या बायोडेटात ‘प्राध्यापक’ लिहिलेलं असतं. मुलीकडचे ‘ग्रँटेबल का?’, म्हणजे पगार सरकारी अनुदानातून मिळतो का, एवढाच प्रश्न विचारतात, आणि तो रास्त असतो.

मुलाखतींबद्दल फार लिहीत नाही. खासगी संस्थांत काय विचारलं जातं ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. एवढंच सांगतो, की कर्ज काढून, रान विकून नोकरी घेऊ नका. ज्या संस्थेनं आमच्या एका विद्यार्थ्याकडं आकडा सांगितला, तिथं त्यानं नाही म्हटलं. आज तो पुण्यात एका औषध कंपनीच्या माहिती विभागात आहे आणि दिवाळीला हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी येतो.

असा बाहेरचा रस्ता बघणारे तरतात. अभियांत्रिकी आणि औषधनिर्माण महाविद्यालयं, वैद्यकीय ग्रंथालयं, मोठ्या वकिली कचेऱ्या, वृत्तपत्रांचे संदर्भ विभाग, डिजिटायझेशनची कामं, प्रकाशकांकडची डेटाबेसची कामं. कोहा स्वतः सर्व्हरवर बसवता येणारा, जुन्या दाखल नोंदवहीतल्या (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमानं नोंदवायच्या वहीतल्या) नोंदी मार्क या संगणकीय स्वरूपात आणू शकणारा मुलगा रिकामा राहिलेला मी पाहिला नाही. प्राध्यापकीच हवी असेल तर तयारी चालू ठेवा, पण घर चालवायला हातात दुसरं कौशल्य असू द्या.

आणि कायम झालं तर पगार किती?

सातव्या वेतन आयोगाप्रमाणं सहाय्यक प्राध्यापक आणि महाविद्यालयीन ग्रंथपाल, दोघंही स्तर १० वर, मूळ वेतन ५७,७०० रुपये. सहयोगी प्राध्यापक १,३१,४०० आणि प्राध्यापक १,४४,२०० पासून पुढं. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे. सोलापूरच्या खर्चात हा पगार उत्तम आहे. मधल्या बढत्यांना उजळणी वर्ग, शोधनिबंध, गुणांचे तक्ते असं सगळं लागतं. पहिल्या दिवसापासून प्रमाणपत्रांची फाईल ठेवा.

दिवस कसा जातो?

तुकड्यातुकड्यांत. सकाळी अकरावी-बारावीची झुंबड, ओळखपत्र विसरलेले, पुस्तक हरवलेले, ‘दंड माफ करा ना सर’ म्हणणारे. मग तास. तासानंतर प्रात्यक्षिक: टेबलावर पुस्तकांची चळत, प्रत्येकाला पाच शीर्षकं, अंक पाडा आणि तालिका लिहा. दुपारनंतर नॅकसाठी (महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी) कुणाला तरी मागच्या पाच वर्षांच्या पुस्तक खरेदीची आकडेवारी लगेच हवी असते. वेंडरचं बिल, जीएसटी, दाखल क्रमांक, प्राचार्यांची सही. एखादा पीएचडीचा विद्यार्थी प्रबंधाचा साम्य अहवाल (किती मजकूर दुसरीकडून आलाय त्याचा) घेऊन येतो, घामाघूम. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणं दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, याचं पस्तीस. ‘सर, सॉफ्टवेअर चुकतंय.’ सॉफ्टवेअर चुकत नसतं.

वाचायला वेळ मिळतो का, असं सगळे विचारतात. पुस्तकांत राहून सगळ्यांत कमी वाचणारी जमात आमची. पाठपृष्ठं, अनुक्रमणिका आणि प्रस्तावना मात्र भरपूर वाचून होतात.

रंगनाथन, रंगनाथन काय चालतं तुमचं सारखं?

चालणारच. १२ ऑगस्टला त्यांच्या नावानं ग्रंथपाल दिन असतो, हार घातलेला फोटो असतो आणि ग्रंथालयशास्त्राच्या त्यांच्या पाच सूत्रांचा फलक असतो. फलकामागचा माणूस मुलांना सांगितला जात नाही. शियाळी रामामृत रंगनाथन गणित शिकवत होते. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि सुरुवातीला इतके कंटाळले की परत कॉलेजात घ्या म्हणून मागं लागले. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयं बघून या, मग ठरवा, असं त्यांना सांगण्यात आलं. लंडनला त्यांनी वर्गीकरण शिकून घेतलं, आणि तिथल्या एका दुकानात त्यांना मुलांचा मेकॅनोचा संच दिसला: मोजके तुकडे, नटबोल्ट, आणि त्यांतूनच हवं ते यंत्र. आधीच सगळे अंक ठरवून ठेवलेली यादी देण्यापेक्षा विषयाचे तुकडे करायचे आणि पुस्तक आलं की ते जोडून अंक बांधायचा, ही द्विबिंदू वर्गीकरणाची कल्पना तिथून आली. १९३१ मध्ये पाच सूत्रं, १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण. आज वस्त्रप्रावरणांच्या दुकानाच्या ॲपवर तुम्ही रंग, माप, किंमत, कापड अशा खुणा करून यादी बारीक करत जाता, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. चादरी विकणाऱ्या गावाला हे उदाहरण लगेच पटतं.

सोलापूरच्या कपाटांवर मात्र ड्युईच चालतो. द्विबिंदू शिकवतो आम्ही, वापरत जवळजवळ कुणी नाही.

मराठी माणसाला आणखी जवळचा धागा हवा असेल तर बडोद्याकडं बघा. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावलं आणि १९११ मध्ये तिथं ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. रंगनाथन तेव्हा एकोणीस वर्षांचे होते.

मुलींसाठी चांगलं क्षेत्र आहे म्हणतात.

मुलांसाठीही तितकंच आहे. पुढचा प्रश्न.

गूगल आणि एआय आल्यावर तुमचं काय काम?

गेल्या वर्षी एमएची एक विद्यार्थिनी मार्शल लॉवरच्या प्रकल्पासाठी पुस्तकांची यादी घेऊन आली. यादी चॅटबॉटनं करून दिली होती आणि दिसायला झकास होती: लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, पृष्ठसंख्याही. प्रकाशक खरे होते. एक-दोन लेखक खरे होते. पण त्या लेखकांनी ती पुस्तकं लिहिलीच नव्हती. दोन दिवस ती वेगवेगळ्या ग्रंथालयांत चकरा मारत होती आणि प्रत्येक ठिकाणी तिला ‘आमच्याकडं नाही’ एवढंच सांगितलं गेलं. ‘हे पुस्तकच अस्तित्वात नाही’ हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही बसून एकेक नोंद तपासली: दात्यांची सूची, मोठ्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन तालिका, शोधगंगा. यादी निम्म्याहून खाली आली. मग खरी सुरुवात झाली.

हे काम आता वाढणार आहे. शोधनियतकालिकांच्या बाबतीतही तसंच. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्राची शोधनियतकालिकांच्या एकत्रित वर्गणीची योजना सुरू झाली आणि पूर्वी ज्यासाठी पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या माणसाला मेल करावी लागायची ते लेख सरकारी उच्च शिक्षण संस्थांमध्ये उघडायला लागले. केगावच्या विद्यापीठ परिसरातल्या संशोधकाला आणि मोठ्या शहरातल्या संशोधकाला समोर दिसणारी खिडकी आता बरीचशी सारखी आहे. तिच्यात डोकावून नेमकं काढायचं कसं, हे मात्र शिकवावं लागतं. पहिल्याच शोधात चाळीस हजार निकाल आले की मुलं पहिलं पान उतरवून घेतात.

मी गावच्या वाचनालयात काम करतो. पुढं शिकून फायदा आहे का?

हा प्रश्न माळशिरस, सांगोला, करमाळ्याकडून हमखास येतो आणि त्याचं उत्तर देताना मला नेहमी थोडं अवघडायला होतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, १ मे १९६८ पासून लागू. त्याखाली मान्यता मिळालेली वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत असतात आणि वर्गाप्रमाणं अनुदान. त्या अनुदानातूनच पुस्तकं, जागा, वीजबिल आणि तुमचं मानधन. ड वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपालाला महिन्याला जे मिळतं ते ऐकून शहरातल्या माणसाचा विश्वास बसत नाही. तरी संध्याकाळी तुम्ही दार उघडता, वर्तमानपत्रं मांडता, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसू देता.

शिकण्याचा क्रम असा ठेवा. जिल्हा ग्रंथालय संघामार्फत चालणारा प्रमाणपत्र वर्ग आधी करा. पदवी नसेल तर मुक्त विद्यापीठातून ती घ्या, मग तिथूनच बी.लिब. पगार त्याच खुर्चीत फारसा वाढणार नाही, हे गृहीत धरा. शिक्षणाचा फायदा दुसऱ्या खुर्चीसाठी अर्ज करताना होतो: शाळा, महाविद्यालय, शासकीय ग्रंथालय. आणि आमच्या वर्गात तुमच्यासारखा माणूस आला की बाकीच्यांचं नशीब उघडतं. दाखल नोंदवहीत खाडाखोड का करायची नाही, गहाळ पुस्तकाचा ठराव कसा लिहायचा, निर्लेखनाला (पुस्तक नोंदीतून काढून टाकायला) परवानगी कुणाची, हे त्यांना पाठ करावं लागतं. तुम्ही ते तपासणी अधिकाऱ्यासमोर उभं राहून शिकलेले असता.

वडिलांची पुस्तकं लायब्ररीला द्यायची आहेत. घ्याल का?

खरं तर प्राध्यापकीशी याचा संबंध नाही, पण सगळ्यांत जास्त फोन याचेच येतात, विशेषतः वाडा पाडून अपार्टमेंट बांधायचं ठरलं की.

आधी यादी करा. लेखक, शीर्षक, साल, एवढीच. वहीच्या पानावर चालेल. यादीशिवाय पोत्यात भरून आणलेली पुस्तकं कुठलंही ग्रंथालय मनापासून घेत नाही. पावसाळ्यात तर अजिबात आणू नका. जुनी पाठ्यपुस्तकं, गाइडं, बिल्डरांनी वाटलेल्या डायऱ्या रद्दीत द्या. लोकप्रिय कादंबऱ्यांच्या प्रती बहुतेक ठिकाणी असतात. त्या गावाकडच्या वाचनालयाला द्या, तिथं त्या खरोखर वाचल्या जातील. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संग्रहात काय आधीपासून आहे हे विचारून मगच गाडी करा.

आता जे तुम्ही रद्दीत घालणार आहात ते बाजूला काढा. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी किंवा जुन्या गिरणीतल्या युनियनची पत्रकं, बोनसच्या सूचना, गिरणीच्या शाळेची स्मरणिका. नाट्यमंडळींच्या प्रयोगांच्या जाहिराती. गड्ड्याच्या यात्रेत विकल्या गेलेल्या चार-आठ पानी पुस्तिका. ज्ञातिसंस्थांचे वार्षिक अहवाल, तेलुगूतले असले तरी. स्थानिक छापखान्यातून निघालेले दिवाळी अंक. विद्यापीठं पुढं शंभर वर्षं हेच शोधत बसणार आहेत आणि याची दुसरी प्रत मिळत नसते.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊन निघतो. लॅमिनेशन तर मुळीच नाही. पुठ्ठ्याच्या कडेला मातीच्या नळ्या दिसल्या की ती वाळवी. असं पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं करा, आणताना तसं सांगा, आम्ही आधी वेगळ्या खोलीत ठेवतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात जुना कागद ठिसूळ होतो, तेव्हा पत्र्याच्या खोलीतली पेटी आधी खालच्या मजल्यावर आणा. चाळताना पान कोपऱ्यात धरून उलटू नका, तिथूनच तुटतं.

बारावीनंतर लगेच या विषयात पदवी घेता येते का?

आपल्याकडची रूढ वाट पदवीनंतरच सुरू होते. तोवर जी पदवी घ्यायची ती मन लावून घ्या, कोणतीही. विज्ञानाची मुलं वैद्यकीय आणि अभियांत्रिकी ग्रंथालयांत लवकर रुळतात, वाणिज्यवाल्यांना अंदाजपत्रकं कळतात, भाषेची मुलं सूचीचं काम उत्तम करतात. सोलापूरची असाल तर एक जास्तीची लिपी शिकून या. कन्नड, तेलुगू, उर्दू किंवा मोडी, जी घराजवळ असेल ती. प्रवेश अर्जात तिला गुण नाहीत, प्रात्यक्षिकाच्या तासाला आहेत.

कागदपत्रं: पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र लागू असल्यास, नॉन-क्रिमिलेअर मुदतीतलं. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज आजच टाका, त्यालाच सगळ्यांत उशीर होतो.